काचेचं कूळ आणि मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपण म्हणतो. काचेच्या बाबतीत मात्र मला दोन्ही विचारावं लागलं.

माझे मामू रत्नागिरीकडचे. सारी उमर बोटीवर खलाशी म्हणून काढली. १९६४ साली व्हेनिसहून येताना त्यांनी एक फुलदाणी आणली. आत गर्द निळा रंग, त्यावर मधासारखा पिवळा आणि बाहेर पाण्यासारखी स्वच्छ काच. ती चारशे वर्षांची, कुठल्याशा राजवाड्यातली, असं घरात सगळेच मानत. मामू गेल्यावर काही वर्षांनी नातीच्या नर्सिंगच्या फीची वेळ आली. तेव्हा मुमानीनं फुलदाणी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "तू शिकलेला आहेस बाबा. हिची खरी किंमत काय, ते बघून ये."

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. काचेतलं मला काय कळणार? पण मुमानीला नाही म्हणवेना. पुस्तकं शोधली, जाणकारांना भेटलो.

व्हेनिसशेजारी मुरानो नावाचं छोटं बेट आहे. १२९१ साली व्हेनिसच्या सरकारनं काचेच्या भट्ट्या शहरातून उठवून तिथं नेल्या. शहराला आगीची भीती होती. कारागिरांना राज्य सोडून जायची मनाई होती, कारण ही विद्या म्हणजे राज्याची तिजोरीच. १४५० च्या सुमारास आंजेलो बारोव्हिएर यानं स्फटिकासारखी निर्मळ काच काढली. तिला 'क्रिस्ताल्लो' म्हणत. तिच्यासाठी गारगोट्या तिचीनो नदीतून येत आणि वनस्पतींची राख सीरिया-इजिप्तकडून. पुढे १५६९ मध्ये इस्तंबूलचा वजीर सोकोल्लू मेहमेद पाशा यानं नऊशे दिवे व्हेनिसकडूनच मागवले, तेही मशिदींसाठी! राख पूर्वेकडून आली, दिवे पूर्वेकडे गेले.

मनाई मोडून कारागीर पळालेच. जाकोमो व्हेर्त्सेलिनी याला १५७५ साली लंडनमध्ये राणीचा परवाना मिळाला. त्यामुळे त्या काळातला पेला खुद्द व्हेनिसचा की व्हेनिसच्या धर्तीवर दुसरीकडे केलेला, हे सांगताना आजही जाणकार अडखळतात.

१७९७ साली नेपोलियननं व्हेनिसचं राज्य बुडवलं आणि हा धंदाही बसला. त्याला पुन्हा उभं करण्यात १८५९ पासून आंतोनियो साल्व्हियाती या वकिलाचा मोठा वाटा. १८६१ साली मुरानोत काचेचं संग्रहालय निघालं. जुने नमुने पुढ्यात ठेवून कारागीर शिकले आणि त्यांनी इतक्या सुरेख नकला केल्या, की सोळाव्या शतकाची म्हणून दाखवली जाणारी वस्तू एकोणिसाव्या शतकाची निघू शकते. मग १९२१ साली पाओलो व्हेनिनी आणि जाकोमो काप्पेल्लिन यांनी कारखाना काढला आणि नव्या, साध्या आकारांचं युग सुरू झालं.

आता काच ओळखायची कशी? एका म्हाताऱ्या जाणकारानं मला सांगितलं, "आधी पालथी करा." फुंकलेली वस्तू शेवटी एका लोखंडी सळईवर धरतात. सळई तोडली की बुडाला व्रण राहतो. कधी तो तसाच असतो, कधी घासून गुळगुळीत केलेला. पण साच्यात दाबून काढलेल्या मालाला तो नसतो. मग बुडावरचे ओरखडे पाहायचे. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूचे ओरखडे बारीक आणि वेड्यावाकड्या दिशांचे असतात. एकाच दिशेचे दिसले, तर कुणी तरी कागदानं घासून वय वाढवलं, असं समजावं.

लेबल हा पुरावा खरा, पण कच्चा. ते एका वस्तूवरून निघून दुसरीवर चिकटू शकतं. सहीचंही तसंच. व्हेनिनीच्या जुन्या वस्तूंवर तेजाबानं उमटवलेला बारीक शिक्का असे, पुढे नाव कोरलं जाऊ लागलं. पण सुईनं नाव कुणीही कोरतो. म्हणून शेवटचा आधार कारखान्यांच्या जुन्या याद्या, आराखडे आणि फोटो यांचा. आकार, रंग आणि करण्याची रीत तिथं जुळली पाहिजे.

आमच्या फुलदाणीची रीतच बोलकी निघाली. रंगीत गोळा दुसऱ्या रंगाच्या वितळलेल्या काचेत बुडवून थरावर थर चढवायचे, याला मुरानोत 'सोम्मेर्सो', म्हणजे बुडवलेली, असं म्हणतात. ही तऱ्हा १९३० नंतरच्या दशकात पुढे आली आणि फ्लाव्हियो पोली यानं ती नावारूपाला आणली. म्हणजे चारशे वर्षांची गोष्ट तिथंच संपली. काच मुरानोची, वय मामूंच्या त्या सफरीच्या आगेमागे. बुडाला चंदेरी लेबलाचा कपटा आणि सही नाही.

मुंबईतल्या एका व्यापाऱ्यानं तोडगा सुचवला. "मोठं नाव कोरून देतो. पाचपट किंमत येईल. कोण बघतंय?" खोटं कशाला बोलू, फीचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी गावी येऊन मुमानीला सारं सांगितलं.

तिनं उठून पेटीतून आपली पुतळ्यांची माळ काढली. मी तिला मागे एकदा सांगितलं होतं, की या पुतळ्यांचं मूळही व्हेनिसच. तिथल्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख असे आणि त्याचं नावही असे. त्यावरून नाण्याचा काळ कळतो. ते नाणं इथं इतकं चाललं, की इथल्या कारागिरांनी तशीच नाणी पाडली. त्यांना ती लिपी येत नव्हती, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या उमटल्या. मुमानीच्या पुतळ्या अशाच रेघोट्यांच्या. ती म्हणाली, "यांच्यावर खोटं नाव नाही, नुसती नक्षी आहे. सोनं खरं आहे. आणि तुझा मामू तर अंगठा उठवायचा. त्याच्या वस्तूवर दुसऱ्याची सही कशाला?"

दुसऱ्या एका दुकानदारानं फुलदाणी आहे तशी घेतली. आलेल्या पैशांत निम्मी फी भागली, उरलेली आम्ही नातेवाइकांनी भरली. पावतीवर त्यानं लिहिलं होतं : मुरानो, अंदाजे १९६०, सही नाही. ती पावती मुमानीनं पुतळ्यांच्या माळेबरोबर पेटीत ठेवली आहे.