लखनौची बनारसी बाग आणि न परतणारे प्राणी

लखनौच्या नवाबीत जंगली जनावर पाळले जाई ते झुंजीसाठी. गोमतीच्या एका काठावर मोती महाल आणि पलीकडच्या काठावर हत्ती, गेंडे, वाघ. नवाब आणि त्यांचे पाहुणे मध्ये नदी ठेवून झुंज पाहत. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवरच्या आपल्या लेखनात या झुंजींची सविस्तर हकीकत दिली आहे. जखमी जनावराचे पुढे काय होई, हा प्रश्न त्या काळाला पडलेला दिसत नाही. शेवटचा नवाब वाजिद अली शाह याची आवड मात्र वेगळी होती. 1856 मध्ये अवध इंग्रजांनी खालसा केले आणि तो कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला. तिथे त्याने मोठा प्राणिसंग्रह उभारला. सापांसाठी उंचवटा रचून भोवती पाण्याचा खंदक ठेवला होता. सापांना मोकळे फिरता यावे, पण बाहेर पडता येऊ नये, अशी ती रचना होती.

लखनौचे आजचे प्राणिसंग्रहालय ज्या बागेत आहे ती नसीरुद्दीन हैदरने (राज्यकाळ 1827 ते 1837) लावलेली आमराई. लोक तिला बनारसी बाग म्हणत. इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीची आठवण म्हणून 29 नोव्हेंबर 1921 रोजी इथे प्रिन्स ऑफ वेल्स प्राणिसंग्रहालय सुरू झाले. कल्पना संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर हार्कोर्ट बटलर यांची. पिंजऱ्यांसाठी राजेरजवाड्यांनी आणि शहरातल्या प्रतिष्ठितांनी देणग्या दिल्या, काहींनी प्राणीही भेट दिले. प्राणी दाखवण्यासाठीच असत. 2015 मध्ये या संस्थेला वाजिद अली शाहचे नाव देण्यात आले.

पिंजऱ्याचा अर्थ बदलला तो कायद्यामुळे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले, आणि 1998 च्या राष्ट्रीय धोरणाने अनाथ वन्यप्राण्यांना आसरा देणे हे प्राणिसंग्रहालयांचे एक काम ठरवले. मात्र पुरेशी जागा आणि सोय असेल तरच, अशी अट होती. ही अट फार महत्त्वाची आहे, कारण जागा नसताना घेतलेला प्राणी पुन्हा हालातच पडतो.

जंगलात परत कोण जाऊ शकतो, हे प्राण्याच्या स्वभावावर ठरते. शहरालगतच्या कुकरैल जंगलात 1970 च्या दशकापासून सुसरींची अंडी उबवून पिल्ले वाढवतात आणि पुरेशी मोठी झाली की नद्यांत सोडतात. सुसरीला मासे धरायला कुणी शिकवावे लागत नाही. वाघाच्या बछड्याला मात्र जवळपास दोन वर्षे आईबरोबर राहून शिकार शिकावी लागते, आणि माणसाच्या हातावर वाढलेल्या वाघाला माणसाची भीती उरत नाही. व्याघ्रप्रेमी बिली अर्जन सिंग यांनी 1976 मध्ये इंग्लंडहून आणून हातावर वाढवलेली तारा ही वाघीण उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या जंगलात सोडली. पुढे त्या भागात माणसे मारली गेली, आणि दोष ताराचा होता की नाही यावर वनखाते आणि अर्जन सिंग यांचे कधीच एकमत झाले नाही.

लखीमपूर खीरीत वाघ उसात शिरतात, जसे जुन्नरच्या उसात बिबटे. पकडलेल्या प्रत्येकाला कायम डांबावे लागतेच असे नाही. 2012 मध्ये लखनौजवळच्या रहमानखेड्यात काही महिने वावरलेल्या वाघाने माणसावर हल्ला केला नव्हता. त्याला गुंगीचे इंजेक्शन देऊन पकडले आणि दुधव्यात सोडले.

किशनचे तसे झाले नाही. 2009 मध्ये किशनपूर भागात पकडलेला हा वाघ नरभक्षक ठरला होता. लखनौला आणून तपासल्यावर कान आणि तोंडाजवळ रक्तवाहिन्यांचा कर्करोग सापडला. चपळ हरणामागे धावून त्याला धरणे अशा वाघाला झेपत नाही. माणूस हे त्याला सोपे भक्ष्य. तो दुष्ट नव्हता, आजारी होता, आणि जंगलात सोडणे त्याच्याही जिवावर बेतले असते.

अशा प्राण्याची देखभाल म्हणजे वर्षानुवर्षांची रोजची कामे: बाहेरच्या मोकळ्या जागेतून संध्याकाळी आतल्या खोलीत घेणे, मांस तपासून आणि मोजून देणे, किती उरले याची नोंद ठेवणे. वाघाचे दुखणे बहुधा उरलेल्या मांसावरूनच आधी कळते. मांस मिळणेही गृहीत धरता येत नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात खाटीकखाने बंद पडू लागले, तेव्हा म्हशीच्या मांसावर वाढलेल्या वाघसिंहांना कोंबडीवर भागवावे लागले.

2022 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने प्राणिसंग्रहालय कुकरैलला हलवण्याच्या योजनेला मान्यता दिली. किशन तोवर म्हातारा झाला होता. शेवटच्या दिवसांत त्याचे खाणे आणि हिंडणे कमी झाले. 13 वर्षांहून अधिक काळ बनारसी बागेत काढून डिसेंबर 2022 च्या अखेरीस तो तिथेच मेला.