कचरा खातो म्हणून आणलेला मासा

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी दोन फुटी फिशटँक घेतला. दुकानदाराने गप्पींच्या पिशवीसोबत आणखी तीन मासे दिले. राखाडी अंगावर काळपट ठिपके, तोंडाला मिशा. "हे न्या दादा, खाली पडलेला कचरा खातात. वेगळं काही घालावं लागत नाही." मी सॉफ्टवेअरवाला. स्वतःचा मेंटेनन्स स्वतः करणारी सिस्टिम मिळत असेल तर कोण सोडेल?

मे महिन्यात पुण्यात दुपारी टँकचं पाणी ३१-३२ अंशांवर जायला लागलं. तिघेही सारखे सुळकन वर यायचे, हवेचा घोट घ्यायचे आणि परत तळाशी जायचे. आई म्हणायची, "बघ कसे खेळतायत." मलाही तसंच वाटायचं. महिना संपेपर्यंत तिघेही गेले. गप्पी मात्र मजेत होते.

वाचायला मी त्यानंतर लागलो, हे कबूल करतो.

तो मासा म्हणजे पेपर्ड कॅटफिश, कोरिडोरस पॅलिएटस. त्याची ओळख जगाला झाली ती चार्ल्स डार्विनमुळे. १८३१ ते १८३६ या बीगलच्या सफरीत त्याने गोळा केलेल्या माशांमध्ये हा होता. ते मासे तपासून त्यांची वर्णनं लिहायचं काम लेनर्ड जेनिन्स या इंग्लिश पाद्र्याकडे आलं. गंमत अशी, की बीगलवरच्या जागेसाठी डार्विनच्या आधी याच जेनिन्सला विचारलं होतं. गावच्या चर्चची जबाबदारी सोडून जाणं बरं नाही म्हणून तो नको म्हणाला. जहाज हुकलेल्या माणसाने त्याच जहाजातून आलेल्या माशाला १८४२ मध्ये नाव दिलं. कोरिडोरस हे कुळ त्याआधीच, १८०३ मध्ये, लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने ठरवलं होतं. शिरस्त्राण आणि कातडं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते नाव आलंय. खवल्यांऐवजी याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, चिलखतासारख्या. (२०२४ मध्ये या कुळाची मोठी फेररचना झाली आणि पॅलिएटस हॉप्लिसोमा या कुळात गेला. दुकानांत मात्र सगळे अजून 'कोरी'च आहेत.)

मला नडलं ते त्याचं गाव. पॅलिएटस खालच्या पराना आणि उरुग्वे नद्यांच्या भागातला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. तिथे खराखुरा हिवाळा असतो आणि नद्या गार होतात. अ‍ॅमेझॉनचं कोमट पाणी याने पाहिलेलंच नाही. आणि ते वर येणं? कोरी हवा गिळतात आणि आतड्यातून तिच्यातला प्राणवायू घेतात. एखाददुसरी फेरी नेहमीची असते. पण पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि फेऱ्या वाढतात. आम्ही ज्याला खेळ म्हणत होतो ती धाप होती.

मग हा 'कचरा खातो' प्रकार आला कुठून? माझा अंदाज असा, की ही कल्पना माशापेक्षा टँकशी जास्त जोडलेली आहे. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिली. पानं कुजून पाणी बिघडायला लागलं, तेव्हा त्याने ती खायला तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि गाडी रुळावर आली. झाडं प्राणवायू देणार, मासे खाणार, गोगलगाय साफसफाई करणार. पुढे घरोघरी टँक आले तसं हे गणितही आलं, आणि गोगलगायीची जागा तळाशी दिसणाऱ्या कुठल्याही माशाला मिळाली. उष्टंखरकटं काढायला कोणीतरी वेगळा असतोच, ही समजूत आपल्याकडे तर फार शिकवावीही लागत नाही.

खरं तर हे मासे वाळूत तोंड खुपसून किडे आणि अळ्या शोधतात. वाळू तोंडात घ्यायची आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडायची, हा दिवसभराचा उद्योग. विष्ठा ते खात नाहीत. बाकीच्यांचं उरलेलं मिळालं तर खातील, पण तेवढ्यावर भागत नाही. १८७८ मध्येच पॅरिसच्या पिएर कार्बोनिए यांनी याच पॅलिएटसची पिल्लं काढली होती. अर्धपोटी मासा अंडी घालत नाही, एवढं तर तेव्हाही कळत असणार.

या वेळी मी नदी बघून मासा निवडला. ट्रिनिदादच्या नमुन्यांवरून गिल यांनी १८५८ मध्ये नोंदवलेला ब्रॉन्झ कोरी चिवट, नवख्यांना चालेल असा. पिग्मी इंचभराचा आणि गोड, पण तो बराच वेळ पाण्याच्या मधल्या थरात पोहतो, शिवाय मोठ्या माशांसोबत दबून जातो. शेवटी स्टर्बाय घेतले. ब्राझील-बोलिव्हिया सीमेवरच्या ग्वापोरे नदीचे, १९६२ मध्ये नोंदवलेले, इतर कोरींपेक्षा गरम पाणी बरं सोसणारे. महाग पडले, तरी सहा घेतले, कारण हे मासे कळपाने राहणारे आहेत. माझे ते तिघे त्या हिशोबानेही कमीच होते. रंगीत खडी काढून बारीक वाळू घातली. उन्हाळ्यासाठी टँकवर छोटा पंखा लावला.

"पेपर्ड पण ठेवा की, स्वस्तात देतो," दुकानदार म्हणाला. मी मे महिन्याचं सांगितलं. "असं होय," म्हणाला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला पिशवी बांधून द्यायला लागला. त्यात दोन पेपर्ड होते.

रात्री दिवा मालवल्यावर आई त्यांच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या टाकते. कोणी वर आलं की मोजते.