नुसते ऐकून भागत नाही

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते. १९५६ च्या सुरुवातीला हे गाव हैदराबाद राज्यात होते. त्याच वेळी शेजारच्या मुंबई राज्यात एक प्रयोग चालला होता. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापली. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी चर्चेला बसत. शंका पत्राने पुण्याला जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती झपाट्याने वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र नाममात्र. १९५९ पासून ही मंडळे देशभर निघाली.

२०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणी मोबाइलवर नोंदवू लागला. तिथे अडलेल्या आजोबांचा फोन घेऊन नातवाने काम उरकले, तर पुढच्या हंगामात ते पुन्हा तिथेच अडतील. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. आपण शेजारी बसावे आणि त्यांना विचारू द्यावे, दहादा का होईना.