मुक्कामावरची कॉफी

बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरकडच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आणि आळंद तालुक्यातील आमची खजुरी एका राज्यात आली ती मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोवर आम्ही १९४८ पर्यंत निजामाचे, नंतर हैदराबाद राज्याचे. घरोघर चहाच.

ताज्या दळलेल्या कॉफीची माझी ओळख १९८४ साली खजुरीबाहेरच्या मोजणीच्या मुक्कामात झाली. आमचे वरिष्ठ जुन्या म्हैसूरचे. त्यांच्या ट्रंकेत भाजलेल्या बिया, हाताची चक्की आणि पितळी फिल्टर असे. दळून ठेवलेल्या पुडीचा वास उडतो, म्हणून ते पहाटे तंबूपुढे मूठभरच दळीत. उकळते पाणी ओतल्यावर अर्क थेंबाथेंबाने उतरायला पाव तास सहज लागे. तेवढ्यात शेतकरी जमत. कचेरीत कानडी अर्जापाशी अडलेली गाऱ्हाणी ते मराठीत सांगत. मी ती साहेबांना कानडीत समजावून देई. दुभाषेपणाची ती नेमणूक कोणत्याही हुकमात नव्हती.

एका वृद्धाने पहिला घोट घेऊन तोंड वाकडे केले. ‘‘सायब, मोजणी तेवढी नीट करा, काढा बी पिऊ.’’

त्याचा वाद दोन गुंठ्यांचा होता. साखळी पुन्हा लावली, तेव्हा त्याचे म्हणणे खरे निघाले.