मायक्रोस्ट्रिप अँटेना

मायक्रोस्ट्रिप अँटेना हा सूक्ष्मतरंगांच्या, म्हणजेच मायक्रोवेव्हच्या, प्रक्षेपणासाठी व ग्रहणासाठी वापरला जाणारा सपाट, कमी जाडीचा अँटेना आहे. यालाच पॅच अँटेना असेही म्हणतात. ही कल्पना जॉर्ज देशां यांनी १९५३ मध्ये मांडली आणि १९७० च्या दशकात ती व्यवहारात आली. जीपीएस ग्राहक, वाय-फाय उपकरणे, विमाने व क्षेपणास्त्रे यांत या अँटेनाचा वापर होतो.

रचना व कार्य

विद्युतरोधक पदार्थाच्या पातळ थरावर एका बाजूस धातूची चौकोनी किंवा गोल पट्टी आणि दुसऱ्या बाजूस धातूचा सलग पत्रा, अशी याची रचना असते. पट्टीची लांबी त्या पदार्थातील तरंगलांबीच्या सुमारे निम्मी ठेवली, की पट्टीत अनुस्पंदन होते आणि तिच्या दोन कडांपासून तरंग बाहेर पडतात. उदाहरणार्थ, २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेला हवेतील तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. ४.४ डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या काचतंतूयुक्त फलकावर त्यासाठी सुमारे २.९ सेंटिमीटर लांबीची पट्टी पुरते. मुद्रित परिपथाच्या फलकाप्रमाणेच हा अँटेना छापता येत असल्याने तो स्वस्त पडतो.

आकार लहान करण्याच्या पद्धती

अँटेना लहान करण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

* अधिक डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा पदार्थ, बहुधा सिरॅमिक, वापरणे. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेला अर्धी तरंगलांबी सुमारे ९.५ सेंटिमीटर असते. सिरॅमिकमुळे पट्टी दोन-अडीच सेंटिमीटरवर येते.
* पट्टीच्या मध्यरेषेवर विद्युतदाब शून्य असल्याने तेथे ती खालच्या पत्र्याला जोडणे. त्यामुळे अर्धीच पट्टी पुरते.
* पट्टीत खाचा पाडणे. विद्युतप्रवाहाचा मार्ग त्यामुळे वळणावळणाचा व लांब होतो.

मर्यादा

आकार लहान केल्याची किंमत द्यावी लागते. तरंगलांबीच्या तुलनेत अँटेना जितका लहान, तितकी त्याची पट्टरुंदी कमी किंवा ऊर्जाहानी जास्त, हे एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवले. ही मर्यादा निसर्गनियमाची आहे. कौशल्याने तिच्या जवळ जाता येते, ती ओलांडता येत नाही. साध्या पातळ मायक्रोस्ट्रिप अँटेनाची पट्टरुंदी मध्यवर्ती वारंवारतेच्या काही टक्केच असते.

महाराष्ट्रातील संशोधन

पट्टरुंदी वाढवण्याच्या संशोधनात मुंबईचा वाटा महत्त्वाचा आहे. गिरीश कुमार यांनी के. सी. गुप्ता यांच्यासह १९८४ मध्ये मुख्य पट्टीशेजारी थोड्या अंतरावर जादा पट्ट्या ठेवून पट्टरुंदी वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक असताना त्यांनी 'समीर' या संस्थेतील के. पी. रे यांच्यासह 'ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनाज' हा ग्रंथ लिहिला (२००३). टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये स्थापन झालेल्या सूक्ष्मतरंग विभागातून १९८४ मध्ये 'समीर' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. ती पवई येथे आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील महत्त्व

नंदुरबार जिल्ह्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या डोंगररांगांनी व्यापला आहे. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत वनहक्क कायदा, २००६ अन्वये वनजमिनीवरील दावे हा आदिवासी कुटुंबांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. अशा जमिनीच्या मोजणीत जीपीएस यंत्र वापरले जाते, आणि त्याची अचूकता त्याच्या लहानशा अँटेनावरही अवलंबून असते.

जीपीएसचे तरंग उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाचे असतात. खडकावरून किंवा जमिनीवरून परावर्तित होताना ते बहुतांशी डाव्या ध्रुवणाचे बनतात. चांगला अँटेना असे परावर्तित तरंग बऱ्याच अंशी नाकारतो. अतिलहान अँटेनात हा भेद पुसट होतो. अरुंद दरीत आकाशाचा थोडाच भाग दिसतो आणि झाडोऱ्यामुळे संदेश क्षीण होतो, त्यामुळे चूक वाढते. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे ६४ मीटर असते. एका बाजूची सीमारेषा ५ मीटर आत सरकली, तर सुमारे ३ गुंठे जमीन मोजणीतून निसटते.

या कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार उपग्रहचित्रे व अन्य तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारे नव्हे. मोकळ्या आकाशाखाली, एकाच बिंदूवर अनेक नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढल्यास चूक कमी होते. प्रत्यक्ष सीमाखुणा व शेजारी शेतकऱ्यांची साक्ष यांच्याशी ती नोंद पडताळून पाहणेही आवश्यक ठरते.