आंतरसंहिता समनाम

निरनिराळ्या नामकरण संहितांच्या कक्षेत येणाऱ्या दोन सजीवगटांना मिळालेले एकच शास्त्रीय नाव म्हणजे आंतरसंहिता समनाम होय. असे नाव चूक ठरत नाही. दोन्ही ठिकाणी ते वैध असते.

कारण

शास्त्रीय नावातील पहिले पद प्रजातीचे व दुसरे जातीचे असते. प्राण्यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. वनस्पती, शैवले व कवके यांची दुसरी आहे. एकाच संहितेत दोन प्रजातींना समान नाव चालत नाही. सामान्यतः आधीचे नाव टिकते. दोन्ही संहिता परस्परांपासून स्वतंत्र असल्याने हा निर्बंध एकीकडून दुसरीकडे लागू होत नाही. नवे नाव देताना दुसऱ्या संहितेतील नाव टाळावे, अशी शिफारस प्राणिनामकरण संहितेत आहे. ती सक्ती नव्हे.

उदाहरणे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पेमगिरी येथील प्रसिद्ध वटवृक्ष फायकस प्रजातीतील आहे. पिंपळ, उंबर व अंजीर हेही तिच्यातच मोडतात. वनस्पतींसाठी हे नाव लिनीयस यांच्या १७५३ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरले जाते. १७९८ मध्ये रोडिंग यांनी अंजिराच्या आकाराच्या समुद्री गोगलगायींना तेच नाव दिले. फायकस व्हेरिगेटा या नावात तर दोन्ही पदे सारखी आहेत : ते एका समुद्री गोगलगायीचे आणि अंजीरवर्गीय वृक्षाचेही नाव आहे.

लॅक्टेरियस हे तोडल्यावर दुधासारखा चीक देणाऱ्या अळंब्यांचे नाव आहे. कोकणात सौंदाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाची प्रजातीही तीच. इनॅन्थी या नावाने दलदलीत वाढणाऱ्या काही वनस्पती ओळखल्या जातात आणि हिवाळ्यात दख्खनच्या माळरानावर येणारे काही लहान पक्षीही.

व्यवहारातील महत्त्व

पेमगिरीसारख्या समुद्रापासून दूरच्या गावातील नोंदीत ‘फायकस’ म्हणजे झाड, हे स्थळावरून कळते. किनारी गावाच्या जैवविविधता नोंदवहीत हा आधार पुरत नाही. संगणकीय सूचीत केवळ नाव जुळवून नोंदी एकत्र केल्यास वृक्ष व गोगलगाय यांची माहिती एकमेकांत मिसळू शकते. म्हणून शास्त्रीय नावासोबत सजीवाचा गट, कुल आणि नाव देणाऱ्या संशोधकाचे नाव लिहिणे आवश्यक ठरते. ‘फायकस, मोरेसी कुल’ म्हणजे वड-पिंपळांची प्रजाती. ‘फायकस, रोडिंग, १७९८’ म्हणजे गोगलगायींची.