मायदेशी परतण्यासाठी व्हिसा : पांडुरंग खानखोजे

१/ चंद्रपूर-गडचिरोलीचा तरुण आज परदेशी निघतो, तेव्हा त्याच्या पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे एक विनंती असते : धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे, गरजेनुसार साहाय्य व संरक्षण द्यावे. शेजारच्या वर्ध्याच्या एका क्रांतिकारकासाठी अशी विनंती करणारे राज्य चार दशके अस्तित्वातच नव्हते. थ्रेड.

२/ ते क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्धा आणि चांदा (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) हे तेव्हा मध्य प्रांतातील लगतचे जिल्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खानखोजे जपानमार्गे अमेरिकेस पोहोचले.

३/ त्या काळी पासपोर्टची सर्वत्र सक्ती नव्हती. पण कायद्याच्या लेखी ब्रिटिश भारतातील प्रत्येक भारतीय 'ब्रिटिश प्रजाजन' होता. म्हणजे ज्या सत्तेविरुद्ध लढायचे, परदेशात पालकत्व तिच्याकडेच!

४/ हे पालकत्व किती पोकळ होते? १९०७ साली अमेरिकेतील बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांतील भारतीय मजुरांना शहराबाहेर हाकलले. त्यांत बहुसंख्य शीख होते, तरी तेथे सर्वांना सरसकट 'हिंदू' म्हणत. साम्राज्याचे प्रजाजन असणे त्यांच्या कामी आले नाही.

५/ परदेशातील या अपमानातून मजुरांना स्वराज्याचा अर्थ उमगू लागला. १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली. ऑरेगनमध्ये कृषिशास्त्र शिकलेले खानखोजे तिच्या संस्थापकांपैकी एक. महायुद्धकाळात ते इराणात ब्रिटिशांविरुद्ध लढले. परतीची वाट बंद झाली.

६/ इकडे १९२० च्या कायद्याने भारतात पासपोर्टव्यवस्था पक्की झाली. भारतात कोणी प्रवेश करावा, यावरही ब्रिटिश सरकारचे नियंत्रण आले.

७/ १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत आले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका व गव्हावर त्यांनी संशोधन केले. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. परका देश त्यांचा झाला.

८/ १९४७. देश स्वतंत्र झाला. खानखोजे यांनी मायदेशी येण्यासाठी व्हिसा मागितला. उत्तर : नकार! ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. सत्ता बदलली, पण यादी तीच राहिली होती.

९/ पुढे तो निर्णय फिरवला गेला. १९५५ साली ते नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पासपोर्टवरील ती विनंती आज कोणी क्वचितच वाचतो. ती करण्याचा अधिकार भारताला मिळावा, यासाठी खानखोजे यांच्यासारख्यांनी मायदेशच गमावला होता.